दर दोन महिन्यांनी पेटणारा चेक इंजिनचा दिवा : स्पोर्ट्स कार, तेलाचा एअर फिल्टर आणि मराठवाड्याची धूळ

गाडी दोन दारांची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकानं कंपनीचा एअर बॉक्स काढून टाकला होता आणि त्या जागी ॲल्युमिनियमचा पाइप व त्याच्या टोकाला तेल लावलेला कापडी कोन फिल्टर बसवला होता. रेस केली की हवा ओढल्याचा जो घुमारा यायचा, तो मला मनापासून आवडायचा. म्हणूनच त्या फिल्टरवर संशय घ्यायला मला इतका वेळ लागला.

तक्रार अशी होती. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडला सेव्हन हिलपासून सिडकोपर्यंत पंधरा-वीस मिनिटं रांगेत अडकलं की आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि पॅडल मोकळं असताना, आरपीएमचा काटा नाचायला लागायचा, ७०० वरून ११०० वर आणि परत खाली. क्लच सोडताना गाडीत दमच नसायचा. पॅडल दाबलं की क्षणभर काहीच नाही, मग एकदम झटका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला की कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कधी त्याच्या जोडीला पी०१०१, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचं माप इंजिनाच्या बाकीच्या हिशेबाशी जुळत नाही. सेन्सर साफ केला, कोड पुसला की गाडी बरी. मग काही आठवडे गेले की पुन्हा तेच.

चौदा महिन्यांत असं सहा वेळा झालं. ज्यांच्या गाडीत असाच फिल्टर आहे आणि जे दर वेळी फक्त सेन्सर पुसून घेतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझे पैसे आणि वेळ ज्या क्रमानं गेला, त्याच क्रमानं सांगतो. म्हणजे कोणती पायरी गाळता येईल ते तुम्हाला कळेल.

आधी काय काय बदललं

पहिल्या दोन वेळा सेन्सर साफ केला. गॅरेजच्या उस्तादांनी सांगितलं, "दादा, सेन्सरच कमजोर झालाय, किती दिवस पुसत बसणार? बदलून टाका." तिसऱ्या वेळी नवा, खात्रीचा सेन्सर घातला. बावीस दिवसांनी दिवा पुन्हा लागला. नवा कोरा सेन्सर तीन आठवड्यांत बिघडत नसतो. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी चौथ्या वेळी स्पार्क प्लग बदलले. ते जुने झालेच होते, पण या दुखण्याशी त्यांचा संबंध नव्हता.

पाचव्या वेळी मात्र एक योग्य काम झालं, स्मोक टेस्ट. इंटेकमध्ये, म्हणजे हवा इंजिनात जायच्या वाटेत, हलक्या दाबानं धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. आमच्या गाडीत दोन ठिकाणी आला. एक, पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इंटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेच्या) रबराला बारीक चीर. दोन, ॲल्युमिनियमचा पाइप टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) तोंडाला जिथे जोडला होता तिथला क्लॅम्प. कंपनीच्या रबरी नळीला तिथे ओठ असतो, तो खाचेत बसतो. या किटमध्ये साधी सिलिकॉनची नळी ओढून क्लॅम्पनं आवळली होती. इंजिन हलतं, नळी सरकते, फट पडते. आणि ही फट सेन्सरच्या पुढे असल्यामुळे तिथून आत जाणारी हवा मोजलीच जात नाही.

दोन्ही दुरुस्त केलं. आयडलिंग सुधारलं, काटा स्थिर झाला. मला वाटलं, सुटलो. एकवीस दिवसांनी सहाव्यांदा दिवा लागला.

फ्युएल ट्रिम वाचायला शिका, बाकी सगळं नंतर

कोड वाचून सेन्सर बदलणं म्हणजे ताप बघून औषध देण्यासारखं आहे. दुखणं कुठे आहे ते फ्युएल ट्रिम सांगतात, आणि ते मोबाइलला जोडल्या जाणाऱ्या साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही दिसतात.

पेट्रोलच्या इंजिनाला एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. हवा किती आत आली हे एअरफ्लो सेन्सर सांगतो, त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल सोडतो, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हिशेब बरोबर होता का ते तपासतो. चूक निघाली तर संगणक पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो. ही दुरुस्ती म्हणजेच ट्रिम. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणाक्षणाला हलते, लाँग टर्म ट्रिम सवयीसारखी साठत जाते. अधिक-उणे ५ टक्के म्हणजे गाडी ठीक. १०च्या पुढे गेली की शोध सुरू करायचा. २० ते २५ टक्क्यांच्या पुढे संगणक हात टेकतो आणि पी०१७१ लिहून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत हीच चूक लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसली तरच दिवा लागतो. गाडी आज अडखळली आणि दिवा परवा लागला, असं का होतं याचं उत्तर तिथे आहे.

आता खरी युक्ती. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा, आणि लाँग टर्म ट्रिम दोन अवस्थांत वाचा : एकदा आयडलिंगला, एकदा २५०० आरपीएमला किंवा चढावर भार देऊन. आयडलिंगला ट्रिम जास्त आणि रेस वाढवली की उतरत असेल, तर थ्रॉटलच्या (पॅडलनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे, इंजिनाकडच्या बाजूला कुठेतरी गळती आहे. कारण ती फट तेवढीच राहते, आणि इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा कमी होत जातो. उलट आयडलिंगला ट्रिम बरी आणि भार वाढला की चढत असेल, तर सेन्सर हवा कमी मोजतोय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. पेट्रोलचा दाब वेगळा मोजता येतो. माझा बरोबर होता.

स्मोक टेस्टच्या आधी माझी ट्रिम आयडलिंगला +१७ आणि भारावर +२१ होती. गळत्या बुजवल्यावर आयडलिंगला +७ झाली, पण भारावर +१९. म्हणजे दुखणी दोन होती. एक बरं झालं, दुसरं तसंच होतं. दोन दुखणी एका कोडमागे लपतात तेव्हाच गाडी वारंवार गॅरेजात जाते.

टर्बोवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. टर्बोच्या पुढे, इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) नळ्यांमध्ये गळती असेल तर बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबत असताना, उलटं होतं : मोजलेली हवा बाहेर निघून जाते आणि मिश्रणात पेट्रोल जास्त पडतं. त्यामुळे पी०१७१ दिसला म्हणून आधी इंटरकूलरच्या नळ्या उघडत बसू नका.

आणखी एक पटकन होणारी तपासणी. गरम इंजिन, एसी बंद, आयडलिंगला एअरफ्लोचं वाचन ग्रॅम प्रति सेकंदात बघा. ढोबळमानानं जितक्या लिटरचं इंजिन, तितके किंवा थोडे जास्त ग्रॅम. दोन लिटरला दोन ते साडेतीनच्या दरम्यान यायला हवं. माझं १.७ येत होतं.

वहीतल्या तारखा

गाडीवर केलेलं प्रत्येक काम मी वहीत लिहितो. पेट्रोल, टायरची हवा, सगळं. सहाव्या वेळी वही उघडून दिवा लागल्याच्या तारखांवर लाल खूण केली आणि मागे मागे वाचत गेलो. सहाही वेळा, लाल खुणेच्या आधी दोन ते तीन आठवड्यांवर एकच नोंद होती : "फिल्टर धुतला, तेल लावलं."

हा फिल्टर कापसाच्या जाळीच्या थरांचा असतो. जाळीची भोकं कागदाच्या मानानं मोठी, म्हणून त्यावर चिकट तेल लावतात. धूळ तेलाला चिकटते. मळला की खास साबणानं धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग घड्यांवर तेलाची बारीक धार सोडायची. तेल लाल रंगाचं असतं, कुठे लागलं कुठे नाही ते दिसावं म्हणून.

एअरफ्लो सेन्सरमध्ये केसासारखी बारीक तार किंवा पातळ पापुद्रा वीज देऊन तापवून ठेवलेला असतो. हवा वाहिली की तो थंड होतो. त्याला ठरलेल्या तापमानावर ठेवायला जितकी वीज जास्त लागते, त्यावरून हवेचं वजन काढलं जातं. त्या पापुद्र्यावर तेलाचा थर बसला आणि तेलावर आपली काळी माती बसली की त्याला गोधडी पांघरल्यासारखं होतं. हवा जोरात वाहते, पण तार तितकी थंड होत नाही. सेन्सर कमी हवा सांगतो, संगणक कमी पेट्रोल सोडतो.

फिल्टर बनवणारे म्हणतात की प्रमाणात तेल लावलं तर सेन्सरला काही होत नाही. त्यांचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. पण ते प्रमाण सांभाळून वर्षानुवर्षांत एखाद-दुसऱ्या वेळी धुण्यासाठी आहे. त्यांच्या पत्रकात धुण्याचं अंतर हजारो किलोमीटरचं लिहिलेलं असतं, ते डांबरी आणि स्वच्छ रस्ते धरून. इथे नांगरटीच्या दिवसांत दोन महिन्यांत फिल्टर करडा पडतो. म्हणजे मी त्यांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त वेळा धुतो, आणि प्रत्येक वेळी तेल थोडं जास्त पडण्याची नवी संधी तयार होते. तेल जास्त झालं तर ते पहिल्या काही आठवड्यांतच उडतं. त्यात एप्रिल-मेमध्ये बोनेटखालच्या उष्णतेनं ते पातळ होतं. बावीस दिवस, एकवीस दिवस, हे आकडे तिथून येत होते.

काकांचा ट्रॅक्टर

वही बघून संशय आला होता, खात्री नव्हती. ती आली गावाकडे, अंबड तालुक्यात. काकांकडे जुना ट्रॅक्टर आहे, तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असलेला. हवा आत येताना वाटीतल्या तेलावर आपटते, धूळ तेलात बसते, वर जाळी असते. काका वाटी धूत होते. मी माझी तक्रार सांगितली तर म्हणाले, "आरं, तेल खुणेपर्यंतच घालायचं असतंय. वर गेलं की इंजिन वढून घेतंय, आन् डिझेल बंद केलं तरी आपल्या मनानं पळाय लागतंय." मग थांबून विचारलं, "तुझ्या त्या कापडाला खूण कुठंय?"

खूण नाही. लाल रंग पसरला की पुरे, एवढंच पत्रकात लिहिलेलं. मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही दर वेळी वाटी धुता, तेव्हा आत काय निघतं?" त्यांनी तळाचा गाळ बोटावर घेऊन दाखवला. लोण्यासारखा मऊ. त्यात खडा नव्हता, रेतीही नव्हती.

आपली काळी माती बसाल्टच्या खडकापासून झालेली, चिकणमातीची. पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नांगर फिरला की इतकी बारीक उडते की वावटळ गेल्यावर दाराच्या बंद कडीवरही थर दिसतो. त्यात मुरमाच्या वाटा, रुंदीकरणाची कामं, दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या मळणी यंत्रांचा भुसा, मग हिवाळाभर उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ. परभणीकडे जिनिंगच्या रस्त्यांवर कापसाचे तंतू. आपला फिल्टर वर्षभर हे सगळं ओढत असतो, मग गाडी चारशे घोड्यांची असो की ऐंशी.

हवा जास्त की धूळ जास्त

एअर फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, आयएसओ ५०११. मोजून दिलेली धूळ फिल्टरवर सोडतात आणि किती अडली, किती पार गेली ते तोलतात. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. कापडी फिल्टर साधारण त्याच्या दोन-तीन टक्के खाली राहतात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नाही, पार गेलेल्या धुळीशी आहे. एक फिल्टर ९९.५ टक्के अडवतो आणि दुसरा ९७, तर पहिल्यातून १००० ग्रॅममधली ५ ग्रॅम जाते आणि दुसऱ्यातून ३०. सहापट. सिलिंडरची भिंत आणि रिंग यांच्या मधल्या तेलाच्या थराची जाडी काही मायक्रॉन असते. तेवढ्याच आकाराचे कण तिथे पॉलिश पेपरसारखं काम करतात. टर्बोची पाती तर त्याच्याही आधी त्या धुळीला सामोरी जातात.

हे स्वतःच्या गाडीत तपासायचा मार्ग आहे. इंजिन ऑइल बदलताना थोडं नमुन्याच्या बाटलीत घेऊन तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. अहवालात सिलिकॉनचा आकडा बघा, आणि त्याच्या जोडीला लोखंड व ॲल्युमिनियम. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा आत आलेली माती. तिन्ही एकत्र वाढत असतील तर धूळ झिजवते आहे. नुकताच गास्केटचा सिलिकॉन सीलंट वापरला असेल तर एकटा सिलिकॉन वाढलेला दिसतो, तो धरू नका.

घरच्या घरी करायची तपासणी त्याहून सोपी. फिल्टर काढा आणि फिल्टर ते सेन्सर या भागात पाइपच्या आतून पांढरा सुती कपडा फिरवा. कपडा कोरडा स्वच्छ निघाला तर उत्तम. करडी धूळ निघाली तर फिल्टरमधून किंवा त्याच्या कडेनं माती जाते आहे. लालसर चिकट निघाला तर तेल सुटतंय. माझा लाल-करडा निघाला. सेन्सरच्या पुढे, टर्बोकडच्या भागात मात्र थोडं तेल असतंच, ते पीसीव्हीमधून येतं. ते बघून घाबरू नका.

आणि कडेची गळती फार लोक विसरतात. फिल्टर कितीही भारी असला तरी रबराची कड नीट बसली नाही तर धूळ वळसा घालून जाते. बॉक्सच्या खोबणीत धुळीची रेघ ओठाच्या आतल्या बाजूला पोचलेली दिसली की समजायचं, इथून वाट आहे.

ताकदीचं काय? रोजच्या गाडीच्या मूळ एअर बॉक्समधला स्वच्छ कागदी फिल्टर हवेला फारसा अडवतच नाही. कंपनीनं पूर्ण रेसचा हिशेब करूनच त्याचा आकार ठरवलेला असतो. मायलेजसाठी म्हणून कुणी हा फिल्टर घेत असेल तर त्यानं एक माहिती घ्यावी : अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांवर मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या. मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, प्रवेग मात्र मंदावला. तुंबलेल्या कागदानंही मायलेज पडत नसेल, तर स्वच्छ कागदाच्या जागी कापड लावून ते वाढेल कुठून?

बोनेटखालची हवा

सेन्सरमध्येच हवेचं तापमान मोजणारा भाग असतो. मे महिन्यात बाहेर ४१ अंश असताना जालना रोडच्या रांगेत माझ्या उघड्या कोनजवळ ६८ दिसत होते. रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे फेकतो, टर्बो शेजारी तापलेला असतो, आणि कोन तीच हवा ओढतो. कंपनीचा बॉक्स बंद असतो आणि त्याची सोंड ग्रिलच्या मागून बाहेरची हवा घेते. तो बसवल्यावर त्याच रस्त्यावर, तशाच उन्हात ४९ दिसले.

हवा तापली की विरळ होते. ६८ आणि ४९ अंशांच्या हवेत वजनाचा फरक जवळजवळ ६ टक्के पडतो. इंटरकूलर थोडं भरून काढतो, पण टर्बोत जाताना गरम असलेली हवा टर्बोतून निघताना आणखी गरम निघते. मग नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याच्या, भीतीनं संगणक स्पार्क मागे घेतो. रांगेतून सुटल्यावर गाडी ओढत नव्हती, त्याचा निम्मा दोष या उष्णतेचा होता. समृद्धीवर सावंगीहून चढलं आणि गाडी १२०ला स्थिर धरली की वारा मिळायचा, तापमान उतरायचं, गाडी खूश. म्हणून मी बराच काळ म्हणत होतो, "हायवेला तर छान चालते."

शेवटी काय केलं

मूळ एअर बॉक्स, त्याची सोंड आणि सेन्सर बसतो तो पाइप, तिन्ही भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलमधून मिळवलं. पाइप का? सेन्सर ज्या व्यासाच्या नळीत बसतो, त्या व्यासावर संगणकाचं गणित आधारलेलं असतं. किटचा पाइप व्यासानं थोडा जरी वेगळा असला तरी तेवढ्याच हवेला सेन्सर वेगळा आकडा देतो. शिवाय कंपनीच्या नळीत बहुधा हवा सरळ करणारी जाळी असते, ती किटमध्ये नसते.

बॉक्समध्ये कंपनीच्या मापाचा कागदी फिल्टर घातला. सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेनं साफ केला. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर त्यावर मारू नका, कापसाच्या काडीनं पुसू नका, पापुद्रा तुटतो. स्प्रे मारून वीस मिनिटं वाळू द्या, मगच जोडा.

आता आयडलिंगला ट्रिम +५ आणि भारावर +६. एअरफ्लो २.६ ग्रॅम. सात महिने झाले, एक उन्हाळा मध्ये गेला, दिवा लागलेला नाही.

तरी +६ का राहिले, असं कुणी विचारेल. ते पेट्रोलमुळे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ज्यातलं काही इथेनॉल आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या उसापासूनही निघतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा, १० टक्के मिश्रणाला १४.१च्या आसपास, २० टक्के मिश्रणाला १३.५च्या आसपास. जुन्या मिश्रणासाठी बेतलेल्या गाडीची ट्रिम त्यामुळे चार-पाच टक्के वर राहते. एकट्यानं त्याचा त्रास नाही. पण आधीच गळती, आधीच तेलकट सेन्सर, त्यावर हे चार-पाच टक्के, की बेरीज २० पार करते. पूर्वी न दिसलेला दिवा अलीकडे दिसायला लागला असेल तर हे कारण मनात धरा, आणि सगळा दोष पेट्रोलवर टाकून थांबू नका. बाकीची बेरीज शोधा.

कागदी फिल्टर आपल्या भागात पुस्तकातल्या अंतरावर सोडू नका. बहुतेक पुस्तकांत धुळीच्या प्रदेशासाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं; आपला प्रदेश तोच. मी दर आठ-दहा हजारांना, आणि उन्हाळा संपून पाऊस लागायच्या आधी एकदा बघतोच. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं फिल्टरला हवा मारायची जी सवय आहे, ती माझ्या मते इंजिनाचं सगळ्यात जास्त नुकसान करते. त्या दाबानं कागदाची भोकं फाटतात आणि फिल्टर वरून स्वच्छ, आतून चाळणी होतो. शिवाय वर बसलेली धूळच काही अंशी बारीक धुळीला अडवत असते. फिल्टर मळका दिसतोय म्हणून उगाच काढघाल करू नका. तुंबला तर नवा घाला. त्याची किंमत एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा कमी असते.

मग मॉडिफिकेशन करूच नये का?

करा, पण गाडी कुठे आणि कशी चालते ते बघून. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरला कारी रेस ट्रॅकवर दिवसभर पळवायची असेल, तर कोन फिल्टर त्या दिवसापुरता चालेल. तिथे रस्ता झाडलेला असतो आणि संध्याकाळी फिल्टर उतरवता येतो. ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सरच नाही, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) दाबावरून हवा मोजतात, तिथे तेलाचा त्रास होत नाही, धुळीचा राहतोच. मूळ बॉक्समध्ये बसणारा, तेल नसलेला कोरडा सिंथेटिक फिल्टर मला मान्य आहे, फक्त रबराची कड खोबणीत घट्ट बसते का ते हातानं फिरवून बघा.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पॅडल सोडल्यावर टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) हवेत उघडणारा लावू नका, जर सेन्सर टर्बोच्या आधी असेल तर. गिअर बदलताना मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल मात्र तिच्या हिशेबानं पडतं, आणि गाडी गिअरागणिक अडखळते. एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका; पीयूसीत अडकाल आणि त्याचा धूर आपल्याच लोकांच्या छातीत जातो. ट्यूनिंग करायचंच असेल तर आधी मूळ स्थितीत ट्रिम ५च्या आत आणा. आजारी आकड्यांवर केलेलं ट्यूनिंग इंजिन जाळतं.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघाताच्या दाव्यातही विमा कंपनी असे बदल दाखवून अडवणूक करू शकते.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. उघडा कोन खाली, बंपरच्या मागे बसवलेला असेल तर साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सगळं मूळ जागी बसवल्यावर स्कॅनरनं कोड पुसा आणि ट्रिम शून्य करा. लगेच आकडे वाचू नका. तीन-चार दिवस गाडी नेहमीसारखी चालवा : थोडी रांग, थोडा हायवे, एखादा दौलताबादचा चढ. मग गरम इंजिनवर, आयडलिंगला आणि भारावर, दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा. महिन्यानं पुन्हा लिहा. भारावरचा आकडा हळूहळू चढताना दिसला तर दिवा लागायची वाट न बघता पांढरा कपडा घेऊन पाइप उघडा.